जिचं घर, तिचा ठोसा आधी

शालू,

मंदाचा फोन आला तेव्हा मी तुझं डोकं फोडायचा सराव करत होते. दुपारचे तीन वाजलेले, भांडी झालेली, पाय खाटेवर आणि हातात ती गेमची डबी. माझ्या पैलवानानं तुझ्या सुरीवालीला कोपऱ्यात घेतलं होतं आणि गदेनं तिच्या कवटीचा भुगा चालला होता. तुझी मुलगी म्हणाली, "काकी, आई गेली." मी म्हटलं, "थांब गो, एवढा राउंड होऊ दे."

तोंडातून गेलंच. चौऱ्याहत्तर वर्षांची घोडी मी, आणि धाकट्या जावेच्या मरणाला राउंड संपेपर्यंत थांब म्हणाले. मंदानं मनावर घेतलं नाही. तुझीच मुलगी ती. म्हणाली, "संपवा, मग बोलू." पण तो राउंड मी संपवला नाही. पैलवान गदा वर धरून तसाच उभा राहिला आणि डबीची बॅटरी संपून पडदा काळा झाला.

तुझ्या तेराव्याला चाळीतली माणसं जमली होती. आता चाळ कुठली म्हणा. डिलाईल रोडचे आपले चार मजले पाडून तिथे खड्डा आहे आणि खड्ड्याभोवती पत्रे. पण माणसं आली, डोंबिवलीहून, पनवेलहून, सगळी चांगलं बोलायचं ठरवूनच आलेली. एक म्हणाली, "शालिनीताई म्हणजे किती सोशिक बाई." दुसरी म्हणाली, "मुंगीलासुद्धा कधी दुखवलं नाही." मला असा ठसका लागला की लोकांना हुंदका वाटला. कुणी पाणी दिलं, कुणी पाठ चोळली. मी काय सांगणार त्यांना? की ही मुंगी रोज दुपारी तीन ते चार माझी आतडी बाहेर काढायची?

त्या डब्या तूच आणल्यास. लोअर परळच्या गल्लीतल्या रेडिओच्या कारखान्यात तू वीस वर्षं सोल्डरिंग केलंस. कारखाना बंद पडला तेव्हा घरी बसली नाहीस, चिंचपोकळी स्टेशनाजवळच्या एका दुरुस्तीच्या गाळ्यात टेबल मिळवलंस. मिक्सर, रिमोट, मोबाइल, मुलांचे गेम. दुरुस्तीला टाकून कुणी न्यायलाच न आलेल्या दोन डब्या एक दिवस घरी घेऊन आलीस आणि त्यातली एक माझ्यापुढे ठेवलीस. "अक्का, घ्या. बोटांना व्यायाम होतो. डॉक्टर सांगतात." कुठला डॉक्टर सांगतो गो, की रोज एका माणसाची बरगडी मोडा म्हणून?

आपल्या दोघींचे नवरे तोवर वर जाऊन बसले होते. भाऊ भाऊ तिथेही पत्ते कुटत असणार. खोली एकच, मधे प्लायवूडची भिंत. भिंतीच्या त्या बाजूला तू, या बाजूला मी. दोन डब्या भिंतीतून आपसात बोलायच्या आणि आपण एकमेकींना मारायचो. मी निवडला तो ढेरीवाला पैलवान, लोखंडी गदेचा. तू ती काटकुळी पोरगी निवडलीस, दोन्ही हातांत सुऱ्या. मी तुला हसले होते. पहिल्याच दिवशी त्या काटकुळीनं पैलवानाचा गळा एका रेषेत कापला. पडद्यावर रक्ताची पिचकारी उडाली आणि भिंतीपलीकडून तू किंचाळलीस, "मेलीस अक्का! मेलीस तू!"

लग्न होऊन आल्यापासून तू मला "तुम्ही" म्हणायचीस. तो पहिला "तू". तुझा श्वाससुद्धा मला ऐकू येईना. मग मी म्हटलं, "मेले तर मेले. परत लाव."

आता ते ओगराळं. आपण दोघींनी आयुष्यभर त्याचं नाव काढलं नाही, म्हणून आज मी काढते.

तेव्हाची मी कशी होते, आठवतंय? पदर कमरेला खोचलेला, कमरेला चाव्यांचा जुडगा. चाव्या सात आणि घरात कुलूप एक. बाकीच्या सहा कुठल्या ते मलाही माहीत नव्हतं, पण चालताना वाजायच्या. बाई स्वतःला सेनापती समजायची. सैन्य किती, तर एकटी तू. घरात खाणावळ होती, दहा बाय बाराच्या खोलीत गिरणीतले गडी पंगतीनं जेवायचे, आणि मी चुलीशी अशी बसायचे जशी काही मुंबई माझ्याच आमटीवर चाललीय. आज ती बाई रस्त्यात भेटली तर मी तिच्या कमरेच्या चाव्या काढून तिच्याच डोक्यावर मारीन.

संपाचे दिवस होते. गिरण्या बंद, भूक मात्र चालू. नियम माझा. आधी गडी, मग घरातले पुरुष, मग मी, आणि टोपाच्या तळाला जे खरवडून निघेल ते तुला. त्या दिवसांत कामाला जाऊन घर तूच ओढत होतीस, तरी नियम तो नियम. त्या सकाळी तुझी शिफ्ट लवकरची होती. सात महिन्यांची मंदा कडेवर. गडी दाराशी चपला काढत होते, तेवढ्यात तू ताट घेतलंस आणि आपल्या हातानं भात वाढून घेतलास. एवढाच तुझा गुन्हा.

माझ्या हातात पितळी ओगराळं होतं, उकळत्या डाळीतलं. पुढे मी सगळ्यांना सांगितलं की ते निसटलं. शालू, चूल आणि तू यांच्यात सहा हात अंतर होतं. निसटलेलं ओगराळं सहा हात उडत नाही. मी नेम धरून मारलं. मंदाच्या डोक्यावरून चार बोटं वर गेलं आणि तुझ्या डाव्या भुवईवर बसलं. भुवई उकलली. डोळ्यात रक्त, केसांत डाळ, पोर किंचाळतंय, दारातले गडी एका पायात चपला घालून तसेच उभे. मी वाट बघत होते की तू माझ्या झिंज्या धरशील. मला मारामारी हवी होती. मी बाह्या सरसावून तयार होते.

तू वाकलीस. ओगराळं उचललंस, मोरीत नेऊन धुतलंस, माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "अक्का, डाळ करपतेय."

तुला चार टाके पडले आणि ओगराळ्याला पोचा. दवाखान्यातून तू परत आलीस तेव्हा मी तुला एक प्रश्न विचारला. "येताना दूध आणलंस का?"

एवढं होऊनही, कितीतरी वर्षांनी चाळ रिकामी करायची वेळ आली तेव्हा आपण दोघी रिकाम्या खोलीत डब्या घेऊन बसलो आणि शेवटचं म्हणून एकमेकींना बेदम चोपलं. सामान खाली टेम्पोत. भिंतीवर कॅलेंडरांचे पांढरे चौकोन. तू मंदाकडे विरारला जाणार, मी मुलाबरोबर लालबागला भाड्याच्या घरात. त्या डब्यांची पोच एका खोलीपुरती. मी म्हटलं, संपलं आपलं. पंधरा दिवसांनी तुझा फोन.

"अक्का, होईल."

"काय होईल?"

"मारामारी. इंटरनेटवरून. आणि नुसती तुझीमाझी नाही. चाळीच्या सत्यनारायणाला सगळ्या बायकांची स्पर्धा."

चाळीच्या सत्यनारायणाला दुपारी बायकांच्या स्पर्धा असायच्याच. लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. संगीत खुर्चीत दर वर्षी कुणाचं तरी हाड मोडायचं, त्यामानानं तुझी कल्पना अहिंसकच. पण बायका पांगलेल्या, डब्या जुन्या, त्या खेळाला इंटरनेट ठाऊकच नाही. मी म्हटलं, होणार नाही. तू म्हणालीस, होईल. पुढची दोन वर्षं आपण हेच भांडलो.

मला तू ते असं समजावलंस की दोन्ही डब्यांना वाटलं पाहिजे, आपण एकाच खोलीत आहोत. म्हणजे त्यांना फसवायचं. प्रत्येकीच्या घरी राउटरशेजारी एक छोटं खोकं. डबी जे बोलते ते खोकं ऐकतं, इंटरनेटवरून दुसऱ्या घरातल्या खोक्याला सांगतं, आणि ते खोकं तिथल्या डबीच्या कानात जसंच्या तसं बोलतं. परदेशातल्या कुणी हौशी लोकांनी हे आधीच करून ठेवलं होतं. तू ते वाचून काढलंस, शाळेच्या वहीत मराठी अक्षरांत उतरवून घेतलंस, आणि गाळ्यातल्या भंगारातून आणखी सहा डब्या जमवल्यास आणि आठ खोकी उभी केलीस. तरी खेळ मधेच बंद पडायचा. कारण डबीला धीर नाही. समोरून उत्तर यायला जरा उशीर झाला की ती समजते, समोरची मेली. मग तू तिच्या पोटात शिरलीस आणि तिचा धीर वाढवलास. "उत्तर येईल, थांब," असं तिला शिकवलंस. मला मात्र तू ते कधी शिकवू शकली नाहीस.

प्रभावती तर वेगळीच आफत. आपल्या शेजारच्या खोलीतली, आता कणकवलीजवळ गावी. तिच्या घरात रेंज नाही. मागच्या दाराशी कुंपणाच्या जांभ्याच्या गडग्यावर मोबाइल ठेवला तरच नेट. तिचा लढवय्या मधेच पुतळ्यासारखा उभा राहायचा आणि मग एकदम सहा ठोसे हाणायचा. तू म्हणायचीस, सावकाश असलं तर चालतं, पण कधी सावकाश आणि कधी झटकन हे चालत नाही, माणूस कशाच्या भरवशावर हात उचलणार? शिवाय प्रभावती हरायला लागली की तिचं नेट हमखास जायचं. तू नियम केलास. लाईन एकदा तुटली तर राउंड परत, दोनदा तुटली तर हरली. त्या दिवसापासून कणकवलीचं नेट एकदम सुधारलं.

सगळं सुटत आलं होतं. अडून बसले होते ती मी.

त्या खेळात एक डबी घर धरते. लढाई तिच्यातच होते. दुसरी नुसती पाहुणी. घर धरणारीनं बटण दाबलं की ठोसा तिथल्या तिथे. पाहुणीचा ठोसा आधी प्रवास करणार आणि मग लागणार. एका सेकंदाचे साठ तुकडे केले, तर विरारहून लालबागला येईपर्यंत तुझा ठोसा सहा तुकडे शिळा झालेला असायचा. सुरीवालीसारख्या चपळ बाईला तेवढ्यात मरण. आणि घर कायम माझ्याकडे. का? मी मोठी जाऊ.

"अक्का, तू जिंकत नाहीस. तुझं घर जिंकतं."

"तुझा ठोसा उशिरा येतो, त्याला मी काय करू? लवकर निघायचं ना विरारहून!"

"एकदा मला घर धरू दे."

"मोठी कोण? शिस्त आहे की नाही काही?"

"बरं, मग दोघींना सारखा उशीर लावते. तुझं बटणपण सहा तुकडे थांबेल. सगळ्यांना सारखंच. तरच स्पर्धा होते."

"माझा ठोसा, माझ्या घरात, मी अडवून ठेवू? डोकं फिरलंय तुझं?"

मग म्हणालीस, "नाहीतर ती स्पर्धा नाही, अक्का. ती तुझी खाणावळ आहे."

मी फोन भिंतीवर आपटला. काच गेली. अठरा दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तू खाणावळ म्हणालीस, ओगराळं म्हणाली नाहीस, पण भुवई माझी ठणकली. आणि त्या अठरा दिवसांत मी काय केलं सांगू? विचार केला? छे. पैलवानाची नवी झेप शिकले, मान मोडायची.

गणपतीत तूच आलीस, मोदकांचा डबा घेऊन, काही झालंच नाही अशी. "बटणं चिकटतात ना तुझी? दे, साफ करून आणते." डबी घेऊन गेलीस, दोन दिवसांनी आणून दिलीस. आपण परत सुरू झालो. मी एकदा म्हटलंही, "पैलवान जड झालाय गो. दाबते तेव्हा हलत नाही."

"पैलवान नाही, तू जड झालीस. सांधे दाखव जा."

तरी मीच जिंकायचे. दर वेळी सुरीवालीचं धड एकीकडे आणि तू फोनवर बोंबलतेस, "चोर! घरचोर!" आणि मी इकडून, "लवकर निघ!" मुलगा एकदा कामावरून लवकर आला आणि दारातच थबकला. त्याला वाटलं घरात खून पडतोय. सुनेनं शांतपणे सांगितलं, "काही नाही, शालूकाकींशी बोलतायत."

मग तू स्पर्धेच्या बक्षिसाच्या ढालीचा फोटो चाळीच्या ग्रुपवर टाकलास. लाकडी पाट, त्यावर पितळेची पट्टी, आणि पट्टीवर सोल्डर करून ताठ उभं केलेलं एक ओगराळं. बायकांनी हसून हसून ग्रुप भरून टाकला. शोभते म्हणाल्या चाळीच्या बायकांना. मी फोटो मोठा करून बघितला. कडेला पोचा होता. चाळ सोडताना मी ते शोधलं होतं, भंगारात गेलं समजून सुटकेचा श्वाससुद्धा टाकला होता. ते तुझ्या पेटीत होतं.

मी फोन लावला. "दुसरं काही मिळालं नाही?"

"मिळालं असतं. पण जिंकेल तिला काहीतरी वजनदार द्यावं ना."

मी फोन ठेवला. हळू ठेवला या वेळी.

तुझ्या आजाराबद्दल मी लिहिणार नाही, तुला ते तोंडपाठ आहे. पण परळच्या हॉस्पिटलातली ती सकाळ सांगते. लालबागहून मी चालत आले, मुद्दाम, वाक्य पाठ करायला वेळ मिळावा म्हणून. "शालू, त्या दिवशी मी." इथपर्यंत नीट यायचं. पुढे जीभ आडवी पडायची. तुझ्या नाकात नळी, हातात सुई, आणि भुवईवरचा तो पांढरा डाग, बाकीचा चेहरा उतरला तरी तो तसाच. नर्स बाहेर गेली. आता बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं, तर तू डोळे उघडलेस.

"डबी आणलीस?"

मी म्हटलं, "आधी बरी हो. मग बदडते."

"चोर," तू म्हणालीस आणि हसलीस. माझ्या वाट्याला आलेला तुझा शेवटचा शब्द तो.

तेराव्याची माणसं गेल्यावर मी मंदाला बाजूला घेतलं. माझी डबी पिशवीतून काढली, तिच्या हातावर ठेवली आणि असा काही आवाज काढला जसा काही मी राज्य दान करतेय. "मंदा, सत्यनारायण पुढच्या रविवारी आहे. स्पर्धा होणार. आपल्या घरात दुःख आहे, पूजेला आपण जायचं नाही, पण खेळू नये असं कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. तू विरारहून खेळ, मी लालबागहून. आणि आईला हवं होतं तसं सारखं कर. माझ्या डबीत उशीर लाव." डोळ्यांत पाणीबिणी. मला वाटलं, आता वरून फुलं पडणार.

मंदानं दोन बटणं एकदम दाबली. पडद्यावर बारीक पांढरी अक्षरं आली.

"काकी, हे लावलेलंच आहे."

"कुणी?"

ती आत गेली, तुझी वही घेऊन आली. तुझं ते किरटं अक्षर. अक्काची डबी. उशीर सहा. गणपतीत लावला. सांगायचं नाही.

मंदा म्हणाली, "मी विचारलं होतं आईला, का नाही सांगायचं? म्हणाली, कळलं तर माजेल."

भवाने! म्हणजे गणपतीपासून तुझामाझा ठोसा बरोबरीनं निघत होता. माझं घर नाही, तुझं विरार नाही, सगळं सारखं. आणि तरी तू हरत होतीस, रोज, धडधडीत, माझ्या मनगटाच्या जोरावर. आणि वर तोंड करून मला चोर म्हणत होतीस! मी हसायला लागले. तुझ्या फोटोसमोर, तुझ्या समईसमोर, पोट धरून. मंदाही हसली, मग रडली, मग परत हसली. मग मला असा संताप आला की तुला राखेतून उठवावं, दोन थोबाडीत द्याव्यात आणि म्हणावं, आता बोल, कोण चोर?

राग उतरला तेव्हा कळलं. मी जे द्यायला निघाले होते ते तू केव्हाच माझ्या कमरेच्या जुडग्यातून काढून घेतलं होतंस. विचारलं नाहीस, मागितलं नाहीस. एकदा आपल्या हातानं भात वाढून घेतलास तेव्हा मी काय केलं ते तुला माहीत होतं, म्हणून या वेळी न सांगता वाढून घेतलास. मला द्यायला काही उरलंच नाही. एक गोष्ट सोडून.

रविवारी लालबागच्या हॉलवर पूजा झाली, बायकांनी शिरा खाऊन कंबर कसली आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर रक्तपात सुरू झाला. आठ घरांतून आठ जणी. प्रभावती पहिल्याच फेरीत मेली. नेट उत्तम होतं, म्हणून तिनं चष्म्यावर ढकललं. शेवटी राहिलो मी आणि तुझी मंदा. तुझी डबी, तुझी सुरीवाली. तुझ्यासारखीच खाली बसते, वाट बघते आणि पायाची शीर कापते. कुठे शिकली विचारू नकोस.

पहिला राउंड माझा. तिची पाठ गुडघ्यावर मोडली. दुसऱ्यात तिनं पैलवानाचे दोन्ही खांदे उघडले आणि मग गळा. फोन स्पीकरवर होता, हॉलमधून सगळी चाळ ओरडत होती, "काप! काप!" मघाशी सत्यनारायणाची कथा ऐकलेल्या त्याच बायका. तिसऱ्या राउंडला पडद्यावरच्या पट्टीत दोघींचं रक्त नखाएवढं उरलं. बटणावरचं बोट मी उचललं आणि मंदाला ते कसं कळलं कुणास ठाऊक.

"काकी, मुद्दाम सोडायचं नाही हं. आईला आवडणार नाही."

"सोडते की काय, सटवे!"

बटण दाबलं. सहा तुकडे पैलवान थांबला. सेकंदाचा दहावा हिस्सा, पण त्यात किती मावतं म्हणून सांगू. मग गदा आली आणि सुरीवालीच्या डाव्या भुवईवर बसली. त्या खेळात पैलवानाचा शेवटचा घाव तिथेच बसतो. हजारदा बघितलाय. त्या दिवशी दिसला.

हॉलमध्ये आरडाओरडा चालू होता. मंदा म्हणाली, "जिंकलात काकी." मी म्हटलं, "होतं गो." ती म्हणाली, "काय होतं?" मी म्हटलं, "स्पर्धा. इंटरनेटवरून. तुझी आई म्हणायची होईल, मी म्हणायचे नाही. तिला सांग, ती जिंकली."

ढाल मंदानं दुसऱ्या दिवशी पाठवली. मुलानं कौतुकानं टीव्हीखाली मांडली. आज दुपारी तीनला घरात कुणी नव्हतं. डबी घेतली नाही. ढाल उचलली आणि ते ओगराळं पट्टीवरून उपसायला बसले. तुझं सोल्डरिंग ते, निघता निघेना. शेवटी पाट्यावर आपटून आपटून काढलं. चिंचेच्या कोळानं घासलं. गॅसवर डाळ ठेवली आणि शेजारी स्टूल घेऊन बसले.

पोच्यात अंगठा ठेवला. बरोबर बसतो, शालू. जसा काही माप घेऊन पाडलाय.

बसले तशीच, अंगठा न काढता. घरात माणूस नाही, फोन बंद, समोर ऐकणारं कुणी नाही. तेव्हा कुठे जीभ वळली. मी म्हटलं, "शालू, फार लागलं होतं का गो?"

टोपाच्या तळाला डाळ करपल्याचा वास आला.